पाऊण तासाचा राग

नववीच्या पालकसभेत अभ्यासाचे प्रश्न लवकर संपतात. गुण, वह्या, हजेरी विचारून झाली की एखादी आई खुर्ची थोडी पुढे ओढते आणि आवाज खाली आणून म्हणते, "बाई, घरी कधी काय बिनसेल काही नेम नाही हो. सकाळी गळ्यात पडते, संध्याकाळी धाडकन दार लावून घेते. झालं काय विचारलं तर म्हणते, काही नाही." शेजारी बसलेले पालक माना डोलावतात. कुणीतरी म्हणतं, "वयच तसं असतं." आणि विषय तिथेच मिटतो.

मला तो तिथे मिटू द्यावासा वाटत नाही. वय तसं असतं हे खरंच आहे. पण तसं म्हणजे नेमकं कसं, हे आता पुष्कळ कळलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं मुलांच्या शरीरापेक्षा त्यांच्या दिवसाबद्दलचं आहे. ती किती वाजता उठतात, एका दिवसात त्यांच्यावर काय काय येऊन आदळतं, त्यांच्याकडे कोण बघत असतं, आणि त्यांच्या आसपासच्या मोठ्या माणसांचा स्वतःचा मूड किती वेळ टिकतो. यातल्या शेवटच्या गोष्टीकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. इतकी वर्षं या वयाच्या मुलांना शिकवताना मला मात्र तीच सगळ्यांत वजनदार वाटत आली आहे.

1904 साली ग्रॅनव्हिल स्टॅन्ली हॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने किशोरवयावर दोन जाडजूड खंड लिहिले आणि हा काळ वादळाचा आणि घालमेलीचा असतो असं सांगितलं. ते वर्णन या वयाला चिकटलं ते चिकटलंच. 1928 साली मार्गारेट मीड यांनी सामोआतल्या मुलींबद्दल लिहिताना उलट बाजू मांडली, की तिथे हे वय असं वादळी नसतं. त्यांच्या निष्कर्षांवरून पुढे कडाक्याचे वाद झाले. पण मुलांचा मूड एका दिवसात प्रत्यक्ष कसा हलतो, हे तोवर फारसं कुणी मोजलेलं नव्हतं. मूड ही आठवणीवरून सांगायची गोष्टच नाही. रात्री विचारलं तर संध्याकाळचं भांडण तेवढं आठवतं, दुपारचं हसणं आठवत नाही.

ते मोजायची युक्ती 1970च्या दशकात निघाली. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि रीड लार्सन या संशोधकांनी शिकागो परिसरातल्या 75 विद्यार्थ्यांच्या हाती पेजर दिले. आठवडाभर सकाळपासून रात्रीपर्यंत तो केव्हाही वाजायचा. वाजला की हातातलं काम थांबवून कागदावर लिहायचं: आत्ता कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस, काय चाललंय आणि कसं वाटतंय. अशाच नोंदी मोठ्या माणसांकडूनही घेतल्या होत्या. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसलं की मुलांचे मूड मोठ्यांपेक्षा जास्त वर चढतात, जास्त खाली घसरतात, इथवर कुणालाच आश्चर्य वाटायला नको. पुढची गोष्ट मात्र मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पान उलटायचं थांबले. टोकाला गेलेला मूड, आनंदाचा असो की रागाचा, मुलांमध्ये साधारण पाऊण तासात जागेवर येत होता. मोठ्यांना त्यासाठी कित्येक तास लागत होते. शिवाय, ज्यांचे मूड जास्त हेलकावतात ती मुलं जास्त दुःखी असतात किंवा त्यांचं कुणाशी पटत नाही, असंही काही या नोंदींत दिसलं नाही.

पाऊण तास म्हणजे शाळेतला एक तास. वर्गात उभं राहणाऱ्या माणसाला हे डोळ्यांनी दिसतं.

मी विज्ञान शिकवते. एकदा पानाच्या आडव्या छेदाची आकृती काढायला दिली होती. खिडकीजवळच्या बाकावरचा मुलगा मन लावून काढत होता. वरच्या बाह्यत्वचेची रेघ वाकडी गेली. त्याने खोडली, पुन्हा काढली, पुन्हा खोडली. कागदाला तिथे लव फुटल्यासारखं झालं आणि तिसऱ्या खेपेला खोडरबराखाली तो फाटला. मग त्याने आख्खं पानच टरकावलं, मुठीत चुरगळलं, दप्तरात कोंबलं आणि पुढच्या बाकाला लाथ घातली. कानशिलं लाल झाली होती. पुढचा मुलगा वळून काहीतरी बोलणार होता, त्याला मी नजरेनेच थांबवलं. बाकी काही केलं नाही. पेशींचे थर फळ्यावर काढत राहिले, बोलत राहिले. तास संपायला थोडा वेळ होता तेव्हा तो उठून टेबलापाशी आला. "बाई, कोरा कागद आहे का?" आवाज अगदी नेहमीचा. चेहऱ्यावर मघाच्या कशाचाही मागमूस नव्हता. नवी आकृती त्याने चांगली काढली.

हाच प्रसंग घरी घडला तर काय होतं, ते पालकांच्या बोलण्यातून मला तुकड्यातुकड्यांनी कळत असतं. सहाला दार आपटलं जातं. पावणेसातला मुलगा खोलीतून बाहेर येतो आणि सहज विचारतो, "बाबा, माझा चार्जर पाहिलात का?" त्याच्या बाजूने वादळ संपलेलं असतं. बाबांच्या बाजूने ते आत्ता कुठे रंगात आलेलं असतं. ते म्हणतात, "आता बरी आठवण झाली बाबांची?" मुलगा क्षणभर गोंधळतो. त्याला खरोखरच कळत नाही की कशाबद्दल चाललंय. मग कळतं, आणि दार दुसऱ्यांदा आपटतं. रात्री आई हिशेब सांगते की आज दिवसभर याचं डोकं फिरलेलं होतं. दिवसभर नव्हतं फिरलेलं. दोनदा फिरलं, आणि दुसऱ्यांदा फिरण्याचं कारण घरातच होतं. मुलांचा राग वळवाच्या सरीसारखा येतो आणि जातो, आपला झडीसारखा लागून राहतो.

मला बाबांना दोष द्यायचा नाही. कामावरून थकून आलेल्या माणसाचं मन चटकन निवळत नाही, आणि अपमान झाल्यासारखं वाटलं की तो गिळायला वेळ लागतोच. पण किशोरवयाच्या चर्चेत सगळे प्रश्न मुलाचा मूड का चढला याचेच असतात. तो खाली का आला नाही, हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. चढणं या वयात होणारच. उतरणंही आपोआप होतं, जर मध्ये काही आडवं आलं नाही तर. म्हणून आडवं काय येतं ते बघावं.

हार्मोन्सचं नाव सगळ्यांत आधी निघतं, म्हणून त्याबद्दल आधीच थोडं सांगते. वयात येताना ती वाढतात, मुलग्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन काही पटींनी वाढतं, मुलींची पाळी सुरू होते, आणि पाळीच्या आधीच्या दिवसांत काही जणींना रडू येतं, चिडचिड होते, हे सगळं खरं आहे. या मुलींना त्याची कल्पना आधी दिलेली असली तर निदान आपल्याला वेड लागलंय का अशी भीती तरी वाटत नाही. पण दिवसातल्या प्रत्येक चढउताराचं खापर हार्मोन्सवर फोडता येत नाही. 1989 साली जीन ब्रुक्स-गन आणि मिशेल वॉरन यांनी 10 ते 14 वर्षांच्या मुलींची हार्मोन्सची पातळी तपासली आणि त्याबरोबरच त्यांच्या आयुष्यात त्या काळात काय काय घडलं तेही विचारलं. उदास वाटण्यात हार्मोन्सचा वाटा होता, पण लहानसा. घडलेल्या गोष्टींचा वाटा त्याहून मोठा होता. मेंदूचंही तसंच आहे. सावरण्याचं, थांबून विचार करण्याचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो, आणि भावनांनी पेटणारे आतले भाग त्याच्या बरेच आधी जोरात असतात. यामुळे मुलं लवकर पेटतात हे समजतं. मंगळवारीच का पेटली, ते यातून समजत नाही.

मंगळवारचं कारण पुष्कळदा सोमवारच्या रात्रीत असतं.

झोपेबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इतकं साधं आणि इतकं दुर्लक्षित दुसरं काही नाही. वयात येताना शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं. अंधार पडल्यावर झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन हे द्रव्य लहान मुलांच्या मानाने साधारण एक ते दोन तास उशिरा पाझरू लागतं. मेरी कार्सकाडन यांनी 1990च्या दशकापासून हे पुन्हा पुन्हा दाखवून दिलं आहे. दिवसभर जागं राहिल्यावर झोपेचा जो भार डोळ्यांवर साठत जातो, तोही या वयात सावकाश साठतो. म्हणजे रात्री साडेदहाला अंथरुणावर पडलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला झोप येत नाही, यात नेहमीच हट्ट नसतो. झोप मात्र त्याला आपल्यापेक्षा जास्त लागते. 13 ते 18 या वयात रात्री 8 ते 10 तास झोप हवी, असं झोपेच्या वैद्यकातली अमेरिकी संस्था 2016 पासून सांगत आली आहे. शाळा सकाळी लवकरची असेल तर हा हिशेब जुळतच नाही. झोपायची वेळ पुढे सरकलेली, उठायची जागच्या जागी. मधले तास कापले जातात.

आणि जे कापले जातात त्याची किंमत मूड मोजतो. कॅथरीन बॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात 14 ते 17 वर्षांच्या 50 मुलांना सलग पाच रात्री अंथरुणात फक्त साडेसहा तास दिले आणि दुसऱ्या एका आठवड्यात दहा तास. मुलं तीच होती. कमी झोपेच्या आठवड्यात ती जास्त ताणलेली, जास्त चिडलेली, जास्त गोंधळलेली होती, आणि मूड सावरणं त्यांना जास्त अवघड जात होतं. पाऊण तासाचा राग दोन तासांचा होतो तो इथे. साडेसहा तास म्हणजे कुणाला छळ वाटेल, पण माझ्या वर्गात हात वर करायला सांगितले तर परीक्षेच्या दिवसांत तेवढी झोप मिळणारी मुलंही सगळी नसतात.

सकाळच्या पहिल्या तासाला माझ्यासमोर जे चेहरे असतात ते मला चांगले ओळखीचे आहेत. डोळे उघडे असतात, पण समोरचं काही आत पोचत नाही. या तासाला एखाद्याला उभं करून प्रश्न विचारला तर उत्तर येण्याऐवजी डोळ्यांत पाणी येण्याची शक्यता जास्त असते. तोच प्रश्न अकराच्या सुमारास विचारा, तोच मुलगा वाद घालेल. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 साली म्हटलं की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरू नये. कॅलिफोर्निया राज्याने 2019 साली कायदा केला आणि 2022 पासून तिथल्या बहुतेक सरकारी हायस्कुलांना साडेआठच्या आधी भरता येत नाही. बसगाड्या, पालकांच्या नोकऱ्या, खेळाचे सराव हे प्रश्न तिथेही होतेच. ते असूनही एका सरकारला मुलांच्या झोपेसाठी कायदा करावासा वाटला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता घटनांकडे येते. पालक विचारतात, "एवढ्याशा गोष्टीवरून एवढं?" ती गोष्ट एवढीशीच असते, पण ती एकटी आलेली नसते. लार्सन यांनी मार्क हॅम यांच्याबरोबर 1993 साली दाखवलं की किशोरवयात पाऊल टाकलेल्या मुलांच्या वाट्याला वाईट घटना लहानांपेक्षा जास्त येतात, आणि त्या घटनांचा त्यांच्या मनःस्थितीशी असलेला संबंधही जास्त घट्ट असतो. एखाद्या मुलीचा एक दिवस बघा. सकाळी आरशात कपाळावर नवा फोड दिसला. शाळेत पोचली तर नेहमीच्या बाकावर तिच्या जागी दुसरीच कुणी बसलेली. गणितात बारा गुण, आणि ते सरांनी मोठ्याने वाचले. डबा खाताना दोघी मैत्रिणी एका वाढदिवसाबद्दल बोलत होत्या, ही बसल्यावर गप्प झाल्या. घरी आली तर आई म्हणाली, "बूट जागेवर ठेव." आणि ती रडायला लागली. आईच्या दृष्टीने ती बुटांवरून रडतेय. आधीच्या चार गोष्टींपैकी प्रत्येक एकटी आली असती तर पाऊण तासात निवली असती. पहिली निवण्याआधी दुसरी आली, दुसरी निवण्याआधी तिसरी. यात मुलीचा स्वभाव कुठे आला?

त्या चारांतली मैत्रिणींची गोष्ट सगळ्यांत जड. या वयात बरोबरीच्यांची नजर कातडीला लागते. किपलिंग विल्यम्स यांनी 2000 साली संगणकावरचा एक साधा चेंडूफेकीचा खेळ वापरून बघितला: तिघे एकमेकांकडे चेंडू टाकतात, आणि थोड्या वेळाने दोघं तिसऱ्याकडे टाकणं बंद करतात. समोरचे दोघं अनोळखी, खेळ फुटकळ, तरी वगळलेल्याला वाईट वाटतं. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर यांच्या गटाने हाच खेळ किशोरवयीन मुलींना आणि मोठ्या बायकांना खेळायला दिला. 2010 साली त्याचे निष्कर्ष आले. वगळल्यावर मुलींचा मूड मोठ्या बायकांपेक्षा जास्त उतरला होता. मी हे वाचल्यापासून वर्गात "तुमचे तुम्ही गट करा" असं म्हणायचं सोडून दिलं आहे. ती तीन मिनिटं शिक्षकाला सोयीची असतात. पण त्या तीन मिनिटांत भिंतीजवळ एक मुलगी वहीत काहीतरी शोधत असल्याचं नाटक करत उभी असते, म्हणजे आपल्याला कुणी बोलावलेलं नाही हे दिसू नये. गट मी पाडते. मुलं कुरकुरतात, कुरकुरू देत.

फोनबद्दल बोललं नाही तर पालकसभा पूर्ण होत नाही. माझं मत इथे पालकांच्या मानाने मवाळ आहे. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझ्बिल्स्की यांनी 2019 साली साडेतीन लाखांहून अधिक मुलांच्या माहितीवरून हिशेब मांडला, तेव्हा मुलांमुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातला जास्तीत जास्त 0.4 टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता आला. ही सरासरी आहे, आणि सरासरीत एकेका मुलीची रात्र दिसत नाही. रात्री अकरा वाजता ग्रुपवर आपल्याबद्दल काहीतरी चाललंय हे जिला दिसतं, तिचा मूड फोन बिघडवत नाही, तो निवळू देत नाही. पूर्वी शाळा सुटली की नजरही सुटायची. आता ती उशाशी येऊन झोपते. म्हणून फोन किती तास वापरतो यावर घरात रोज महाभारत होण्यापेक्षा रात्री तो झोपायच्या खोलीबाहेर राहिला तर मला पुरे वाटतं. मोठ्यांचाही राहिला तर उत्तम, कारण मुलं पहिलं बोट तिथेच ठेवतात.

आता त्या "काही नाही"कडे. या उत्तराने पालक सगळ्यांत जास्त दुखावतात. आपल्यापासून लपवतेय, आपल्यावर विश्वास नाही, असं त्यांना वाटतं. कधी कधी मुलं लपवतातही, आणि थोडं लपवण्याचा त्यांना हक्कही आहे. पण एक दुसरं कारण आहे, आणि ते मला फार हलवून गेलं. एरिक नुक आणि सहकाऱ्यांनी 2018 साली 5 ते 25 वयाच्या मुलामाणसांना वेगवेगळी चित्रं दाखवून त्यांना काय काय वाटतं ते विचारलं. लहान मुलं एका वेळी एकच भावना सांगायची: राग आला, किंवा भीती वाटली. किशोरवयात एका वेळी अनेक भावना येऊ लागतात, पण त्या एकमेकींपासून वेगळ्या काढणं जमत नाही. हे कौशल्य किशोरवयात सगळ्यांत खाली गेलेलं असतं, आणि मग पुढे हळूहळू वाढतं. म्हणजे त्या बुटांवरून रडणाऱ्या मुलीच्या आत लाज आहे, मत्सर आहे, बारा गुणांची भीती आहे, आईने न विचारता समजून घ्यावं अशी इच्छा आहे, आणि या सगळ्याचा एक गोळा झालेला आहे. त्याला ती काय नाव देणार? "काय झालं?" या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे त्या क्षणी नसतं.

ते नंतर असतं. माझा अनुभव असा की मुलं समोरासमोर बसवून विचारल्यावर बोलत नाहीत, काहीतरी करताना बोलतात. प्रयोगशाळेत चंचुपात्रं धुताना, सहलीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत, तक्ता चिकटवताना. डोळ्यांना डोळे भिडलेले नसले की तोंड उघडतं. एक मुलगी माझ्याबरोबर सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या पुसत होती. सकाळी तिने वर्गात रागाने वही फेकली होती, त्याला बराच वेळ होऊन गेला होता. आपण होऊन म्हणाली, "बाई, मला राग नव्हता आला. मला वाटलं सगळ्यांना कळलं." काय कळलं, ते मी विचारलं नाही. तिने राग आणि लाज वेगळी काढली होती, तिची तिने. त्या वयात हे काम काही लहान नाही.

हे सगळं किती दिवस चालतं? नेदरलँड्समध्ये डॉमिनिक मासीएव्हस्की आणि सहकाऱ्यांनी 474 मुलांकडून 13 ते 18 या पाच वर्षांत दर वर्षी काही आठवडे रोजच्या मूडच्या नोंदी घेतल्या आणि 2015 साली त्या प्रसिद्ध केल्या. आनंद, राग आणि उदासी यांचे हेलकावे वर्षागणिक कमी होत गेले होते. काळजीचे मात्र तसे सरळ कमी झाले नाहीत. ते आधी वाढले, मग घटले, आणि शेवटी, शाळा संपत येऊन पुढे काय हा प्रश्न उभा राहतो त्या वयात, पुन्हा वाढले. मी पालकांना हे सांगते तेव्हा त्यांचे खांदे थोडे सैल होतात. तेरा वर्षांच्या मुलाकडे बघून हा असाच राहणार असं वाटत असतं, आणि बहुतेक मुलं तशी राहत नाहीत.

पण इथेच मला एक गोष्ट ठामपणे सांगायची असते, आणि त्यासाठी मी सभा संपल्यावरही थांबते. हेलकावा म्हणजे खाली जाऊन वर येणं. जो मूड वर येतच नाही, त्याला वयाच्या नावावर खपवू नये. दोन आठवडे झाले, रोज, दिवसाचा बराच वेळ मूल उदास आहे, आवडीचं सगळं सुटलंय, झोप किंवा भूक बदलली आहे, मी कुणाच्या कामाची नाही असं म्हणतेय, तर ते नैराश्य असू शकतं आणि डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना दाखवायला हवं. या वयात नैराश्य नेहमी रडवेलं दिसत नाही. पुष्कळदा ते सततच्या चिडचिडीसारखं दिसतं, म्हणून तर ते वयाच्या नावाखाली सहज लपतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 10 ते 19 वयाच्या दर सात जणांत एकाला काही ना काही मानसिक आजार असतो. चाळीसच्या वर्गात हे पाच-सहा होतात. मुलाने मरणाबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल काही म्हटलं, थट्टेत म्हटलं तरी, दोन आठवड्यांचीही वाट बघायची नाही, त्याला एकटं ठेवायचं नाही आणि त्याच दिवशी मदत घ्यायची. थेट विचारलं तर डोक्यात नसलेला विचार डोक्यात येईल अशी भीती पालकांना वाटते. तसं होत नाही. विचारल्याने मुलाला उलट सुटल्यासारखं वाटतं, की चला, कुणीतरी ऐकायला तयार आहे.

यातलं बरंचसं मी आता मुलांनाही शिकवते. झोपेचं घड्याळ, मेंदूचा पुढचा भाग, पेजरचा प्रयोग. इतक्या शांततेत माझा दुसरा कुठलाही पाठ होत नाही. मागच्या चाचणीनंतर मी त्यांनाच विचारलं की पेपर कधी आणि कसे परत द्यावेत, म्हणजे त्रास कमी होईल. मला वाटलं होतं, शेवटच्या तासाला द्या म्हणतील. त्यांनी ते ताबडतोब उडवून लावलं: शेवटच्या तासाला दिले तर तो मूड घेऊन घरी जायचं आणि दारातच पहिला प्रश्न किती पडले हा येणार. पहिला तासही नको, तेव्हा सगळे झोपेत असतात. बरीच वादावादी होऊन ठरलं की मधल्या सुट्टीच्या आधीचा तास, म्हणजे लगेच मैदानावर जाता येतं. गुण पहिल्या पानावर नकोत, आतल्या पानावर लिहा, आणि पेपर घडी घालून ज्याच्या त्याच्या हातात द्या. सहामाहीचे पेपर मी तसेच दिले. काहींनी लगेच उघडले, काहींनी घडी न उघडता दप्तरात टाकले आणि खेळायला गेले. गणिताच्या सरांनाही मुलांनीच जाऊन हे सांगितलं. ते अजून गुण मोठ्याने वाचतात, पण विचार करतो म्हणालेत.